कोकम आगळाबद्दल लोकांनी आपसांत बोलावे, यासाठी ऑनलाइन काय करावे?

रातांब्याची सावली (कुडाळ तालुका)

आमचा नऊ जणींचा बचत गट आहे. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, उतरवून आम्ही आगळ (कोकमाचा दाट रस) आणि आमसुले करतो. गेल्या वर्षी इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या जाहिरातींवर आठ हजार रुपये खर्च केले. अंगणात रातांबे फोडतानाचा आमचा व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला, खाली हृदयांची रांग लागली, आणि बाटल्या विकल्या गेल्या एकूण तेवीस. याउलट, गणपतीला गावी आलेल्या एका चाकरमानी वहिनींनी जाताना दोन बाटल्या नेल्या होत्या, आणि त्यांच्या डोंबिवलीतल्या इमारतीतूनच दिवाळीपर्यंत चौदा बाटल्यांची मागणी आली. हे दुसऱ्या प्रकारचे बोलणे ऑनलाइन घडवून आणता येते का? एका ओळखीच्यांनी सुचवले की थोडे पैसे देऊन पंधरा-वीस चांगले अभिप्राय लिहून घ्यावेत. मन तयार होत नाही, पण इतर सगळे तेच करतात असेही ऐकते.

कलमांचा राखणदार (देवगड)

ताई, प्रथम माझी चूक सांगतो. आंब्याच्या हंगामात मी योजना काढली होती की आमचा संदेश दहा जणांना पाठवणाऱ्यास पेटीमागे शंभर रुपये सूट. संदेश भरपूर फिरला, परंतु तो ज्यांच्याकडे पोहोचला त्यांना पाठवणाऱ्याचा स्वार्थ लगेच दिसला आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांनी माझा नंबरच ब्लॉक केला. सूट मिळते म्हणून केलेली शिफारस ऐकणाऱ्याला बरोबर कळते.

त्यानंतर मी सूट बंद करून निराळेच काम हाती घेतले. पेटी पोहोचल्यानंतर चौथ्या दिवशी प्रत्येकाला स्वतः टाइप करून विचारतो: "पेंढ्यातले आंबे चाचपून पाहिलेत का? देठाजवळ वास सुटला असेल तर आजच काढा, फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका." बहुतेकांचे उत्तर येते, आणि पुष्कळदा त्याच दिवशी कापलेल्या फोडींचे छायाचित्र त्यांच्या स्टेटसवर दिसते. ते चोवीस तासांत नाहीसे होते हे खरे, पण पाहणारे सगळे त्यांच्या ओळखीतले असतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्यांना ते वापरण्याचा अधिकार आहे त्यांनी पेटीवर जरूर छापावे, पण शेजारणीला फोन करून मानांकनाची वार्ता कोणी देत नाही, "अगं, घरभर वास सुटलाय" एवढेच सांगते.

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

पैसे देऊन अभिप्राय घेण्याबद्दल आधी लिहितो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंड आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे, फुकट वस्तू किंवा सवलत घेऊन केलेली शिफारस तशी आहे हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसले पाहिजे. म्हणजे एखाद्या खाद्यपदार्थांच्या चॅनेलला बाटली भेट पाठवण्यास हरकत नाही, फक्त भेट मिळाल्याचे त्याने सांगावे.

आता मूळ प्रश्न. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले होते की नवी माहिती आपल्याकडे जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींमधून अधिक येते, कारण जिवलगांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. आपल्या चाकरमानी वहिनी नेमक्या अशा दुव्याच्या जागी आहेत: एक पाय कुडाळात, दुसरा डोंबिवलीत. ऑनलाइन जगातले जुने उदाहरण हॉटमेलचे आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने प्रत्येक पत्राच्या तळाशी, तुम्हीही फुकट खाते उघडा, अशा अर्थाची एक ओळ जोडली. पत्र लिहिणाऱ्याला वेगळी शिफारस करावीच लागत नव्हती, वस्तू वापरली की ती आपोआप होत होती, आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली.

तेव्हा आगळ वापरताना ते चार जणांना कधी दिसते, हे शोधा. माझ्या मते मासळीच्या जेवणाला पाहुणे आलेले असतात आणि सोलकढीचा तो गुलाबी रंग वाटीत उतरतो तेव्हा. बाटलीवरच्या क्यूआर कोडमधून कंपनीचा इतिहास कशाला उघडावा, सोलकढीची कृती उघडावी. व्हॉट्सॲपने २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली असल्याने ढीगभर फॉरवर्डच्या भरवशावर राहण्यात तसाही अर्थ नाही.

मांडवीवरची मावशी (वेंगुर्ले)

माझा एकच प्रश्न आहे. शहरातल्या गिऱ्हाइकाला आगळ आणि सरबत यांतला फरक बाटलीवर मोठ्या अक्षरांत सांगितला आहे का? आमच्या बाटलीवर तो नव्हता. एका बाईंनी आगळ सरबतासारखे पाण्यात घालून मुलांना दिले आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले, "कोकणातले सरबत मागवू नका, नुसते मीठ आहे." चूक त्यांची नव्हती. आगळात मीठ असते, साखर नसते, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक म्हणून आपण लिहिलेच नाही. ते वाक्य ज्या वेगाने फिरले तसे आमचे कौतुक कधी फिरले नाही.

रातांब्याची सावली (कुडाळ तालुका)

मावशी, आपला प्रश्न वाचून बाटली हातात घेऊन पाहिली. "शुद्ध, नैसर्गिक, घरगुती" हे तीन शब्द ठळक आहेत आणि "आगळ" त्यांच्याखाली बारीक. आमच्याकडेही दोघांनी खारट असल्याचे कळवले होते, आम्ही मात्र त्यांनाच हसलो होतो.

गटाच्या बैठकीत ठरले ते असे: पैसे देऊन अभिप्राय घ्यायचे नाहीत. लेबलवर "सोलकढीसाठी आगळ, मीठ घातलेले, सरबत नव्हे" असे छापायचे आणि कोड उघडला की नारळाचे दूध, लसूण, मिरची, कोथिंबीर व आगळ यांचे चार माणसांपुरते प्रमाण दिसेल असे करायचे. देवगडच्या दादांप्रमाणे पार्सल पोहोचल्यावर आमच्यातली एकजण विचारपूस करील आणि नव्या गिऱ्हाइकाला "आमचे नाव कोणाकडून कळले?" हे विचारून वहीत लिहील. उरलेल्या जाहिरातीच्या पैशांतून छोट्या बाटल्या आणल्या आहेत. गणपतीनंतर परतणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात प्रत्येकी दोन, एक त्यांना आणि एक शेजाऱ्यांना. झाकणे मात्र या वेळी बदलली आहेत, कारण गेल्या वर्षी एकाच्या बॅगेत आगळ सांडून पांढऱ्या शर्टांचे काय झाले, ते त्याच्या घरचे अजून सांगतात.