दारिद्र्यरेषा ‘खरी’ असते का? प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात काय लिहू?

रानजाई

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय आमच्या तालुक्यातल्या पिवळ्या रेशनकार्डांचा. गाइड सर म्हणतात, तिसऱ्या प्रकरणात तुझी भूमिका स्पष्ट लिही, वास्तववादी की रचनावादी. म्हणजे गरिबी आपण मोजायच्या आधीपासून तिथं आहे असं मानतेस, की मोजणाऱ्यांनीच ती घडवली असं?

पुस्तक वाचताना दोन्ही बाजू पटतात आणि गावात गेलं की दोन्ही डळमळतात. स्लॅबचं घर, दारात मोटरसायकल, कार्ड पिवळं. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत विधवा काकू, कार्ड केशरी. म्हणाल्या, “दीर एकत्र होता तेव्हा त्याच्या पगारावर केशरी झालं. आम्ही वेगळे निघालो, कार्ड नाही निघालं.” १९९९ मध्ये तीन रंगांची कार्डं आली तेव्हा पिवळ्याची मर्यादा वर्षाला १५,००० रुपये उत्पन्न. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीला खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,०००. एकाच घरावर इतक्या रेषा, मग त्यातली खरी कुठली म्हणू?

कट्ट्यावरचा

रचनावादी लिही आणि मोकळी हो. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६. त्यावर खर्च करणारा गरीब नाही! २०१४ मध्ये रंगराजन समितीने तेच ४७ आणि ३२ केले. वर्ष तेच धरलेलं, २०११-१२, पण गरीब २१.९ टक्क्यांचे २९.५ टक्के झाले. नऊ कोटींवर माणसं समितीच्या एका अहवालाने रेषेखाली गेली, आणि त्या दिवशी कुणाच्याही डब्यातलं पीठ कमी झालं नव्हतं. असली गोष्ट ‘वास्तव’ म्हणून लिहायला सांगणाऱ्या सरांना माझा दंडवत.

फिरस्ता६४

कट्ट्यावरच्यांचं अर्धं पटलं. बाकीच्या अर्ध्यासाठी उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

मी एनएसएसमध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात होतो. नोकरीभर घरखर्चाचं शेड्यूल, म्हणजे छापील प्रश्नावली, भरत हिंडलो, मराठवाडा, खानदेश, शेवटी कोकण. वर जे टक्के आलेत ते कधीतरी कुणाच्या ओसरीवर बसून पेनाने लिहिलेले असतात, म्हणून बोलतोय.

रेषा ठरवलेली असते, यात वादच नाही. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये दांडेकर आणि रथ यांनी १९७१ च्या अभ्यासात माणशी रोजचे २,२५० उष्मांक धरले. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने खेड्याला २,४०० आणि शहराला २,१०० केले. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकाचा खुंटा सोडूनच दिला. कुणी ठरवलं, का ठरवलं, सगळं छापील आहे. पण रेषा दिल्लीत बसून मारता आली तरी तिच्याखाली कोण येतं ते दिल्लीत बसून कळत नाही, त्यासाठी आमच्यासारख्यांना एसटीने पाठवावं लागतं.

एक घर सांगतो. मराठवाड्यातलं, सालगड्याचं. नवरा-बायको, तीन पोरं. शेड्यूलमध्ये ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, मीठ, एकेक ओळ, गेल्या ३० दिवसांत किती लागलं. बाई म्हणाल्या, ज्वारी इतक्या पायल्या. पायलीचे किलो करायचे तर आधी त्या घरातली पायली हातात घेऊन बघायची, गावागणिक माप वेगळं. विकतचं धान्य असेल तर दुकानाचा भाव लावायचा, घरच्या रानातलं असेल तर शेतावरचा. हे सगळं करून बेरीज मारली तर धान्य इतकं थोडं निघालं, की त्यावर नांगरामागे चालणारा गडी उभाच राहायचा नाही. आणि तो तर समोर सुपारी कातरत बसलेला.

पुन्हा विचारलं. मग कळलं, दुपारची भाकरी मालकाकडे. आमच्या नियमाने ते जेवण मालकाच्या घरच्या खर्चात पडतं, कारण शिजलं तिथं. म्हणजे कागदावर मालकाच्या घरात जास्तीच्या भाकऱ्या खाल्ल्या जातात आणि गडी अर्धपोटी. नियम माणसांनीच केलेला, कबूल. पण त्या नियमामुळे गड्याच्या पोटातली भाकरी नाहीशी झाली नाही! म्हणून तर शेड्यूलमध्ये बाहेर घेतलेल्या जेवणांचा वेगळा रकाना असतो, आणि पुढे अभ्यासक त्यावरून उष्मांकांची दुरुस्ती करतात. मोजणाराच सगळं घडवत असता, तर ही दुरुस्ती कशाची करायची होती?

दुसरी गोष्ट. नव्वदच्या दशकात सर्वेक्षणाच्या काही राऊंडमध्ये, म्हणजे फेऱ्यांत, निम्म्या घरांना ३० दिवसांचं खाणं विचारलं आणि निम्म्यांना ७ दिवसांचं. सात दिवसांवर विचारलं की खर्च वाढून येतो. नव्या प्रश्नाने देशातली गरिबी जवळपास निम्मी दिसायला लागली. मग १९९९-२००० मध्ये दोन्ही प्रश्न एकाच शेड्यूलवर शेजारी शेजारी आले. आता एखादीने आठवड्याचं तेल पावकिलो सांगितलं, की महिन्याचं ती किलोभरच सांगणार, गुणाकार तिलाही येतो. त्यातून गरीब २६.१ टक्के निघाले आणि वर्षानुवर्षं लोक त्या आकड्यावर भांडले. यावर कट्ट्यावरचे म्हणतील, बघा, प्रश्न बदलला की गरिबी बदलते. मला ते भांडणच महत्त्वाचं वाटतं. ते आकडा कुठे चुकला यावर होतं, आणि दोन्ही बाजूंना ठाऊक होतं की त्या महिन्यात बाईने अमुक इतकंच तेल वापरलं, आपल्याला ते नीट विचारता आलं नाही.

अर्धविराम

रानजाई, काकांनी जे सांगितलं त्याच्या जवळपासचं रॉय भास्कर यांनी १९७५ पासून मांडलं. सरांना नाव हवं असेल तर ‘चिकित्सक वास्तववाद’. थर तीन. शेड्यूलवर उमटलं ते पहिला. घडलं पण उमटलं नाही, उदाहरणार्थ मालकाकडची भाकरी, तो दुसरा. आणि जमीन कुणाच्या नावावर, उचल किती, साल धरल्याशिवाय गत्यंतर का नाही, हा तिसरा. तो कुठल्याच रकान्यात दिसत नाही आणि पहिले दोन त्यातूनच निघतात.

मात्र काका, एक खुसपट. वास्तववादी म्हटलं म्हणून २,२५० हा आकडा निसर्गात कुठे कोरलेला आहे असं होत नाही. पुण्यातच पां. वा. सुखात्मे दांडेकरांशी यावर कडाडून भांडले. त्यांचं म्हणणं, एकाच निरोगी माणसाची गरजसुद्धा कमी-जास्त होत असते, सरासरीखाली दिसला की उपाशी असं धरू नका. ते मानलं तर आकडा बराच खाली येतो. मला स्वतःला सुखात्म्यांचं शरीरशास्त्र अर्धवट पटतं आणि त्यातून काढलेलं धोरण अजिबात पटत नाही.

रानजाई

खूप आभार, काका आणि अर्धविराम. पण एक अडचण राहतेच. ज्वारीला तिच्याबद्दल काय लिहिलं जातंय ते कळत नाही, माणसांना कळतं. २००२ च्या बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या यादीला १३ प्रश्न होते, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गावात अजून लोकांना पाठ आहे की घर, कपडे, शौचालय, कशाला किती गुण. मी वही काढली की टीव्हीवर चादर पडते. दोन भाऊ एका चुलीवर जेवतात पण कार्डं दोन. मग मी मोजतेय ते काय?

कट्ट्यावरचा

हेच मी म्हणत होतो. चादर ही रचना आहे.

फिरस्ता६४

चादर आहे तशी खालचा टीव्हीही आहे की!

रानजाई, लोक कार्डाकडे बघून वागतात हेही तुझ्या विषयातलं वास्तवच आहे, गाळू नकोस. तीन गोष्टींची सरमिसळ तेवढी टाळ. घरात काय शिजतं, समितीने रेषा कुठं मारली, आणि तहसीलमधून कार्ड कुठल्या रंगाचं आलं. तिघांना तीन रकाने दे आणि कुठला कुठल्यावर परिणाम करतो ते लिही. अर्धविराम यांनी सांगितलेलं नाव सरांसाठी टाक, पण दोन परिच्छेदांत आटप.

विचारताना कार्डाचं सगळ्यात शेवटी काढ. वही आधी उघडू नकोस. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळेला जा, एका चुलीवर किती ताटं वाढली जातात ते आपसूक दिसतं, भावांना विचारायची गरज नाही. दुपारचं जेवण कोण कुठं घेतं ते प्रत्येक माणसामागे विचार, पोरांच्या शाळेतल्या खिचडीसकट. उत्पन्न थेट विचारलंस तर दाखल्यावरचा आकडा मिळेल. आम्हीही म्हणूनच खर्च विचारायचो.

आणि एका फेरीवर भागवू नकोस. सर्वेक्षणाचं वर्ष आम्ही चार तुकड्यांत वाटायचो ते याचसाठी. रब्बीची सुगी झाल्यावर गेलीस तर कणग्या भरलेल्या दिसतील, आषाढात त्याच घरात उधारीचं पीठ. वेळ कमी असेल तर घरं कमी घे, पण दोन्ही वेळेला त्याच घरांत जा.