मदत हवी आहे : पश्चिम आफ्रिकेतील तरुण पीकसंशोधकांच्या कामाविषयी

सप्रेम नमस्कार. घाना विद्यापीठात 2007 साली सुरू झालेल्या पश्चिम आफ्रिका पीक सुधारणा केंद्रावर मी एका कृषी मासिकासाठी लेख लिहीत आहे. तेथील पीएचडीचे विद्यार्थी लेगॉन येथे, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य परिसरात, अभ्यासक्रम पूर्ण करून शेतावरील प्रयोगांसाठी आपापल्या देशांत परततात आणि ज्वारी, चवळी, कसावा अशा घरच्या पिकांवरच काम करतात. पदवीसाठी युरोप-अमेरिकेत जाऊन तिकडेच स्थायिक होण्यापेक्षा ही रचना मला अधिक शहाणपणाची वाटते.

माझा मुख्य रोख टारफुल्यावर आहे. ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या रसायनाची चाहूल लागल्यावरच या परजीवी तणाचे धुळीसारखे बारीक बी रुजते आणि जमिनीवर दिसण्याआधीच पिकाचे अन्नपाणी शोषू लागते. (आपल्याकडील जुन्या ज्वारी उत्पादकांना हा शत्रू सांगायला नको, तिकडची मुख्य प्रजाती मात्र वेगळी आहे.)

प्रतिकारक वाणांवरील या संशोधकांचे प्रबंध कोठे वाचायला मिळतील? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रबंधातील वाण बीजोत्पादनापर्यंत आणि तेथून लहान शेतकऱ्याच्या पेरणीपर्यंत पोहोचल्याची खात्रीशीर उदाहरणे कोणास ठाऊक आहेत का? घाना, माली, बुर्किना फासो किंवा नायजरमध्ये शेतीक्षेत्रात काम केलेल्या सभासदांनी लिहिल्यास उपकृत होईन. फ्रेंच मजकूरही चालेल.