मोटर न्यूरॉन डिसीज : तुमच्या घरचं सांगा

मोठ्या काकांना एएलएस निघाला, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजचा (एमएनडी) नेहमी आढळणारा प्रकार. लक्षणं सुरू झाल्यापासून माणूस साधारण २ ते ५ वर्षं जगतो, दहातला एखादा १० वर्षांपुढे जातो, असं डॉक्टर म्हणाले. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं उदाहरण सगळेच देतात (१९६३ ला निदान, २०१८ ला मृत्यू), पण तो अपवाद. खेड्यात राहून तुम्ही हा माणूस कसा सांभाळता, ते लिहा. तोडग्यांचे पत्ते नकोत.

दारव्हा, मुलगा
बाबांच्या हातातून डवऱ्याचं रुमणं निसटायला लागलं. दंडाचं मांस आपोआप फडफडे. गावात म्हणाले, वात हाय. तालुक्याला मानेचा मणका म्हणून पट्टा दिला. दुखत मात्र काहीच नव्हतं. नागपूरला सुया टोचून ईएमजी (स्नायूंच्या विद्युत संदेशांची तपासणी) केला तेव्हा नाव कळलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरतात, स्पर्शाच्या नसा शाबूत राहतात. म्हणजे पाठीवर माशी बसलेली कळते, उडवता येत नाही. रिलुझोल ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे. गेलेली ताकद येणार नाही, आयुष्य दोन-तीन महिने वाढेल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बाबा म्हणाले, "तेवढ्यात मूग निघते ना बे."

अचलपूर, पत्नी
यांचं जिभेपासून सुरू झालं. बोलणं लडबडे, तर लोकांना वाटे, घेऊन आले. घट्ट आंबील जाते, पाण्यानं मात्र ठसका लागतो. हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला शिकवलंय. मधेच हुंदके देतात, नाहीतर हसू आवरत नाही. मनात तसं काही नसतं, हा आजाराचाच भाग. सासूबाईंना हे पटेपर्यंत घरात फार ताण झाला. पोटातली नळी श्वास बरा असतानाच बसवावी लागते. वजन उतरू लागलं तशी आम्ही बसवून घेतली.

चामोर्शी, भाऊ
आडवं झालं की दम लागणं, सकाळी डोकं जड होणं, हे दिसलं की थांबू नका. रात्री बायपॅप (मास्कमधून हवा ढकलणारं श्वासाचं यंत्र) लावतो. त्याच्या आधी इन्व्हर्टर घ्या, इकडे वादळ झालं की लाइन रात्रभर येत नाही. नुसता ऑक्सिजन मनानं लावू नका, कार्बन डायऑक्साइड साचतो.

वरुड, स्वतः
कॉलेजात असताना माझा एक पंजा बारीक होऊ लागला. एमएनडी म्हटल्यावर घरी रडारड. मान पुढे वाकवून एमआरआय काढला तर हिरायामा नावाचा वेगळाच आजार निघाला. तो तरुण पोरांत होतो, काही वर्षं वाढतो आणि बहुधा थांबतो. माझा थांबला. संत्र्याच्या छाटणीची कात्री आता डाव्या हातात असते. एकाच हातापुरतं असेल तर दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टला जरूर दाखवा.

दिग्रस, मुलगी
आईला आहे. माझी सोयरीक दोनदा मोडली, "वंशाला लागलं" म्हणतात. काय सांगायचं लोकांना?

दारव्हा, मुलगा
ताई, दहातल्या नऊ जणांच्या घराण्यात दुसरं कोणी नसतं. तुमच्याकडे आजोळी, मामांकडे कोणाला होतं का, ते डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. बहिणीच्या वेळी आम्ही तो कागदच पुढे ठेवला होता.