डेलिगेट कशाला, एका मेथडचा इंटरफेस पुरतो?

कोडकरी: वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय की सी-शार्पचा डेलिगेट (मेथड व्हेरिएबलसारखी साठवून दुसऱ्याला देण्याची सोय) म्हणजे सीमधलाच फंक्शन पॉइंटर (फंक्शनचा नुसता पत्ता), त्यापेक्षा एका मेथडचा इंटरफेस (क्लासमध्ये कुठली मेथड हवी एवढंच सांगणारा करार) बरा. हे साफ चूक आहे. डेलिगेटमध्ये मेथडसोबत ती ज्या ऑब्जेक्टवर चालवायची तोही असतो. सीच्या पॉइंटरमध्ये नसतो. शिवाय फॉर्मवर सेव्ह, रद्द, प्रिंट अशी तीन बटणं असली की इंटरफेसने तीन छोटे क्लास लिहा, नाहीतर एकाच मेथडमध्ये 'कुठलं बटण दाबलं' ते तपासत बसा. डेलिगेटने तीन मेथड, तीन ओळी.

जावाप्रेमी: तीन क्लास कशाला? हा वाद जुनाच आहे: १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या जावा टूलमध्ये, व्हिज्युअल जे++ ६ मध्ये, डेलिगेट आणले, तेव्हा जावा बनवणाऱ्या सन कंपनीने जाहीर विरोध केला. २०१४ च्या जावा ८ मधला लॅम्डाही (नाव न देता जागेवरच लिहिलेली मेथड) एका मेथडच्या इंटरफेसवरच उभा आहे. तिथेही तीन ओळीच लागतात. अर्धवट माहितीवर दुसऱ्याला चूक ठरवू नका!

मेमरीवाला: तुमचं भांडण चालू द्या, खरी डोकेदुखी इव्हेंटची आहे, म्हणजे काही घडलं की जोडलेल्या मेथड चालवणाऱ्या, डेलिगेटवरच उभ्या सोयीची. स्टॅटिक (प्रोग्राम चालू असेपर्यंत टिकणाऱ्या) इव्हेंटला फॉर्मची मेथड += ने जोडली आणि फॉर्म बंद केला, तरी इव्हेंट त्या फॉर्मला धरूनच ठेवतो. नको असलेली ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा गार्बेज कलेक्टर त्याला हात लावत नाही. फॉर्म दहा वेळा उघडला की एका घटनेला हँडलर (जोडलेली मेथड) दहा वेळा चालतो.

कोडकरी: मग फॉर्म बंद होताना -= ने मेथड काढून टाका. दोष डेलिगेटचा नाही.

मेमरीवाला: लॅम्डा जोडलेला असेल तर -= मध्ये तोच लॅम्डा पुन्हा लिहून काही सुटत नाही. ते नवं डेलिगेट ऑब्जेक्ट असतं, आणि एररही येत नाही. लॅम्डा आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा, जोडताना-काढताना तेच वापरा.

जावाप्रेमी: आणि एका डेलिगेटला तीन मेथड जोडल्या, दुसरीने एक्सेप्शन (चालताना आलेली एरर) फेकलं, तर तिसरी चालतच नाही. रिटर्न व्हॅल्यूही फक्त शेवटचीच मिळते. हे नवशिक्याला कोण सांगतं?

कोडकरी: हा मुद्दा बरोबर, मान्य करावाच लागेल. गेट-इन्व्होकेशन-लिस्टने जोडलेल्या मेथडची यादी घेऊन लूपमध्ये एकेक मेथड एरर पकडणाऱ्या वेगळ्या ट्राय-कॅचमध्ये चालवा. पण सॉर्टिंगची तुलना, फिल्टर, बटणाचं क्लिक यांना डेलिगेटच हवा. दोन-तीन मेथड एकत्र नांदणार असतील, जसं ओपन, रीड, क्लोज, तिथे खुशाल इंटरफेस घ्या.

जावाप्रेमी: एवढं मूळ प्रतिसादातच लिहिलं असतं तर वाद झाला नसता.