मुखडा आठव्या सेकंदाला? भावगीतावरची कात्री नेमकी कुणाची
(चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खर्जातला सा
पुण्यातल्या स्टुडिओंत नवं भावगीत घेऊन गेलं की हल्ली पहिली सूचना ठरलेली: आठ सेकंदांच्या आत गळा ऐकू आला पाहिजे. कारण उघड आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणं वाजल्याची नोंद होत नाही. शिवाय २०२४ पासून, गाणं आधीच्या बारा महिन्यांत १,००० वेळा वाजलेलं नसेल तर त्याची रॉयल्टीच नाही.

हिशेब मांडतो. केरवा ताल, मिनिटाला ९६ मात्रा. आठ मात्रांचं आवर्तन पाच सेकंदांत संपतं. जुन्या बांधणीत सुरुवातीचं संगीत चार आवर्तनं (२० सेकंद), मुखडा दोनदा (४०), मग तीन अंतरे. प्रत्येकाला मधलं संगीत २०, अंतरा ३०, मुखड्यावर परत यायला १०. झाली बरोबर चार मिनिटं. यात तिसाव्या सेकंदाला श्रोता अजून पहिल्या मुखड्याच्या मध्यावरच असतो. म्हणून सुरुवातीला एकच आवर्तन ठेवा आणि तिसरा अंतरा उडवा, असं सांगतात. गाणं पावणेतीन मिनिटांवर येतं खरं, पण कवीने कलाटणी बहुतेकदा त्या तिसऱ्या अंतऱ्यातच ठेवलेली असते. ती गेली की उरते जाहिरातीची धून. याला मी दुकानदारी म्हणतो.

तबकडीवाला
साफ असहमत. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. तुमचं चार मिनिटांचं गाणं तिच्यावर बसलंच नसतं! गौहर जान १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गायल्या, तेव्हापासून बडेबडे गवई हेच करत आले: नावापुरता आलाप, लगेच बंदिश, चार नेमक्या ताना आणि मुखड्यावर समाप्ती. भावगीताला आटोपशीरपणा लागला तोही तिथूनच. आणि गीतरामायण? पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक गीत, एकूण ५६. दर आठवड्याची मुदत मानगुटीवर असताना झालेलं काम आहे ते. बंधनाने कला मरते, हे निदान पुण्यात तरी बोलू नये.

खर्जातला सा
गीतरामायण तुमच्यावरच उलटतंय. १९५५ च्या आकाशवाणीला काही विकायचं नव्हतं. विविध भारतीवर जाहिराती आल्या १९६७ मध्ये, आणि सुरुवातीच्या केंद्रांत मुंबई-नागपूरबरोबर पुणंही होतं. शिवाय तबकडी फक्त कुठे थांबायचं ते सांगायची. पहिल्या आठ सेकंदांत काय वाजवायचं, यात ती नाक खुपसत नव्हती.

तबकडीवाला
शेवटचं वाक्य मान्य. बाकी नाही.

फेडर खाली
तुमचं दोघांचं लक्ष घड्याळाकडे. आवाजाचं काय होतंय ते बघा. निर्माता म्हणतो, 'दुसऱ्यांच्या गाण्यापेक्षा आपलं दणदणीत वाजू दे.' मग मास्टर (गाण्याची अंतिम प्रत) −८ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) ठोकला जातो. स्पॉटिफाय सगळी गाणी ज्या पातळीवर आणतं, ती नेहमीची पातळी −१४. म्हणजे ते गाणं सहा डेसिबलने खाली ओढणार. दणका मिळाला शून्य, आणि लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या यंत्रणेने) तबल्याच्या चाटीवरचा, म्हणजे काठावरचा, 'ना' आधीच बोथट केलेला. वर दोन शब्दांमधल्या जागेत तानपुरा फुगून पुढे येतो, गायकाने श्वास घेतला की भसकन मोठा होतो. हे बाजारासाठीसुद्धा वाईट काम आहे.

डग्ग्याची गोष्ट वेगळी. मोबाइलच्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत, घुमारा गायबच होतो. तिथे डग्ग्याच्या ट्रॅकची प्रत काढून तिला थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी खरखर देणारी प्रक्रिया) द्यायचं आणि मूळ ट्रॅकखाली हलकेच मिसळायची. वरचे स्वरांश (हार्मॉनिक्स) उमटले की घुमारा नसला तरी कानाला मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणं, कळते. ही तडजोड मी बिनदिक्कत करायला सांगेन. श्रोता रिक्षात बसून मोबाइलवर ऐकतोय, त्याला काय शिक्षा करायची?

कलम एकोणीस
कात्री नेहमी सुरुवातीच्या आणि मधल्या संगीतावरच का चालते, हे कुणी विचारलंच नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही देऊन टाकता येत नाही. करारात 'सर्व हक्क कायमचे' असं छापलेलं असलं तरी. आता सुरुवातीची आणि मधली सुरावट रचतो कोण? बऱ्याचदा संगीत संयोजक (गाण्याचा वाद्यमेळ बांधणारा). त्याला रूढीने एकरकमी मानधन, वाटपाच्या कागदावर नाव नाही. पंधरा सेकंद कापली तर ज्यांना वाटा आहे त्यांचा छदामही कमी होत नाही आणि ज्याचं काम जातं त्याला बोलायला जागा नाही. कला-व्यापार वगैरे नंतर बोलू. आधी रेकॉर्डिंगच्या दिवशीच टक्केवारी लिहून सह्या घ्या. आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी) रचना नोंदवताना गीतकाराने नाव एका स्पेलिंगने आणि संगीतकाराने दुसऱ्याच स्पेलिंगने दिलं की पैसे अडकतात, तेही तिथेच तपासा.

खर्जातला सा
हा कोन डोक्यात नव्हता. पण संयोजकाला दहा टक्के दिले म्हणून तिसरा अंतरा परत येईल?

फेडर खाली
दोन आवृत्त्या काढा ना. छोटी आणि पूर्ण.

कलम एकोणीस
काढा, पण दोन्हींना वेगळा आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) लागेल आणि वाजल्याची मोजणीही वेगवेगळी होईल. १,००० चा उंबरठा दोघींनी आपापला ओलांडायचा. मराठी भावगीताला एक ओलांडतानाच धाप लागते.