दोन कॉम्प्युटर, मधे एक वायर: कुठे अडलं आणि काय निघालं?

वायफाय असताना लॅनची (नेटवर्कची) वायर कशाला, असं विचारणाऱ्याने एकदा लग्नाच्या शूटिंगचं अख्खं फोल्डर जुन्या डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर हवेतून पाठवून बघावं. पण वायर लावली तरी दोन मशीन एकमेकांना ओळख देतीलच असं नाही. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. आधी काय दिसत होतं ते लिहायचं विसरू नका, कारण पुढच्या माणसाला तेच दिसत असतं.

सुरुवात माझ्यापासून, मुक्काम नाशिक. सासऱ्यांचा डेस्कटॉप आणि माझा लॅपटॉप थेट जोडले, मधे राउटर नाही. दुकानातल्या मुलाने दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे आयपी पत्ते (मशीनचे नेटवर्कवरचे घरक्रमांक) घालून दिले. फायली भराभर गेल्या, पण वायर लावली की वायफायवरचा प्रिंटर गायब, काढली की हजर! घरच्या वायफायचे पत्तेही १९२.१६८.१ चेच. त्यामुळे प्रिंटरसाठी निघालेला मजकूर लॅपटॉप वायरीत सोडत होता आणि वायरीच्या टोकाला प्रिंटर नव्हताच. वायरीसाठी वेगळी वस्ती केली: एकीकडे १९२.१६८.५०.१, दुसरीकडे १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क (पत्त्यातला वस्तीचा भाग किती ते सांगणारा आकडा) दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवेचा (बाहेर जायच्या दाराचा) रकाना कोरा ठेवा, नाहीतर लॅपटॉप इंटरनेटही त्याच वायरीत शोधायला जातो.

पिंपरीहून
ताई, पत्ते घातलेच नाहीत तरी दोन विंडोज मशीन थोड्या वेळाने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. लोक तो बघून घाबरतात. थेट जोडणीत तो चालतो, दोघांनाही तसाच मिळाला की बोलणं होतं. राउटर मधे असून १६९.२५४ दिसला तर मात्र राउटरपर्यंत काही पोचतच नाहीये असं समजा.

माझी अडचण वेगळी होती. लॅपटॉपवरून पीसीला पिंग (ऐकू येतंय का विचारणारी हाक) जायचं, पीसीवरून लॅपटॉपला नाही. वायर एकतर्फी खराब कशी असेल? उत्तर यायलाही तीच वायर लागते. म्हणजे दोष वायरीचा नव्हे, फायरवॉलचा, बाहेरून येणारं अडवणाऱ्या पहारेकऱ्याचा. गेटवे नसलेल्या जोडणीला विंडोज 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणतं आणि पब्लिक (परकं) धरून दारं लावून घेतं. अख्खी फायरवॉल बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो, मला तो आवडत नाही. फायरवॉलच्या इनबाउंड रूल्समध्ये (आत येणाऱ्यांच्या नियमांत) फाइल अँड प्रिंटर शेअरिंगच्या ओळी असतात, त्यांतली इको रिक्वेस्टची (पिंगच्या हाकेची) सुरू केली की पिंग येतं.

कोल्हापूरहून
आमच्या सायबर कॅफेच्या काळात साधी वायर थेट दोन पीसींना लावून चालायची नाही. क्रॉस वायर लागायची: एका टोकाला तारांचा ए क्रम, दुसऱ्याला बी, म्हणजे १ नंबरची तार ३ ला आणि २ ची ६ ला. ओळखायला तिच्यावर लाल टेप. आता गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट ही अदलाबदल आतल्या आत करतात, दोघांपैकी एकाला जमलं तरी पुरतं. पण दोन्ही टोकांना जुनी १०० एमबीपीएसची कार्डं असतील तर साध्या वायरीवर दिवाच लागत नाही. आयपीत डोकं घालण्याआधी पोर्टावरचा दिवा बघा. दिवा नाही तर सेटिंगमध्ये काही शोधू नका.

डोंबिवलीहून
काकांना अनुमोदन. माझ्याकडे दिवा होता, पिंग होतं, सगळं होतं, फक्त वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. गिगाबिटवर शंभरच्या पुढे दिसायला हवा. जोडणीचं स्टेटस उघडलं तर १०० एमबीपीएस (हे मेगाबिट, आठ मिळून एक एमबी). वायर भिंतीतून टाकणाऱ्या इलेक्ट्रिशियनने आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या (प्लगमध्ये दाबून बसवलेल्या). म्हणे, "बाकीच्या लागतच नाहीत!" १०० ला खरंच लागत नाहीत, गिगाबिटला आठही लागतात. माझं कार्ड गुपचूप खाली उतरून चालत राहिलं. काही कार्डं उतरत नाहीत, मग नुसतं लागतं-तुटतं.

नवे प्लग लावून घेतले: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम.

सावंतवाडीहून
घर आणि अंगणापलीकडचं ऑफिस, मधे उघड्यावरून वायर. मृगातल्या गडगडाटानंतर दोन्हीकडचे पोर्ट मेले, मशीन मात्र सुरू. यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावून वेळ भागवली. दोन इमारतींमधे तांब्याची तार नकोच, वीज लांब पडली तरी पोर्ट जातो. आता फायबर (काचेची तार) आणि तिला दोन्ही टोकांना लॅनच्या पोर्टाशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर आहेत. तांब्याला १०० मीटरची मर्यादाही आहे, आमचं अंतर तसं कमीच होतं.

एडिसन, न्यू जर्सीहून
पिंग दोन्हीकडून, शेअर केलेलं फोल्डरही दिसतं, उघडताना पासवर्ड मागतं आणि विंडोज उघडायचा पिन घेत नाही. पिन त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, जो पिनच्या सवयीने घरात कुणालाच आठवत नसतो. मी शेअरिंगसाठी साधं लोकल खातं काढून दिलं.

पलीकडे विंडोज एक्सपी असेल तर गोष्ट निराळी. एक्सपीला एसएमबी १ (नेटवर्कवरून फायली वाटायची जुनी पद्धत) च येतं आणि २०१७ च्या शेवटापासून विंडोज १० नव्याने टाकताना ते देत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. ते परत सुरू करण्यापेक्षा जुनी हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबीला जोडा.

पुन्हा नाशिक
निरोपातून एक प्रश्न आलाय: छोट्या फायली जातात, मुंजीचा व्हिडिओ मात्र सुरू होण्याआधीच नकार. फाइल चार जीबीहून मोठी आहे का? आणि पलीकडचा ड्राइव्ह फॅट३२ (ड्राइव्हवर फायली मांडायची जुनी पद्धत) आहे का? त्यावर एवढी मोठी फाइल मावत नाही, वायर कितीही चांगली असो. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाइल सिस्टिम. काय दिसतं ते इथेच लिहा.