अनुभव धागा: रग्बी लीग भारी की क्रिकेट? आपापलं लिहा राजेहो

पऱ्हाटी:
दिवाळीले आमचा भाचा आला ब्रिस्बेनवरून, पाच वर्षानं. भाऊबीज झाली अन दुसऱ्या दिवशी पानटपरीवर बसून म्हणते, मामा, क्रिकेट म्हणजे म्हाताऱ्यायचा खेळ, खरा खेळ रग्बी लीग. आता दारव्हा तालुक्यातलं गाव, टपरीसमोर आठ-दहा पोट्टे जर्स्या घालून उभे, अन हा असा बोलते. टपरीवाल्यानं त्याचा खर्रा घोटता घोटता हात थांबवला.

मग त्यानं मोबाईलवर मॅच दाखवली. मले समजलं ते असं, एका बाजूनं तेरा जण, बॉल छातीशी धरून पळाचं, समोरच्यायनं धरून पाडलं की उठून बॉल पायानं मागं सरकवाचा, तोवर समोरचे दहा मीटर मागं हटते, मग पुन्हा पळाचं. असं सहा वेळा. सहाव्यांदा पाडलं की बॉल त्यायले. म्हणजे ओव्हरच झाली ना बावा! म्हणून पाच वेळा पडून झालं की बहुतेक वेळा लाथ मारून बॉल लांब धाडून देतेत. रेषेच्या पल्याड जाऊन बॉल जमिनीले टेकवला तर चार पॉइंट, त्याले ट्राय म्हणतेत, वरून खांबांच्या मधून लाथेनं काढला तर अजून दोन. अन हातानं पास द्याचा तर मागंच, पुढं फेकला की गुन्हा. टपरीवाला म्हणे, पुढं जाचं तं मागं काहून फेकाचं, इथंच खोट हाये ह्या खेळात.

वाद रात्री अकरापर्यंत चालला, निकाल नाई. म्हणून हा धागा. गूगलवरचे नियम डकवू नका, सोताचं खेळलेलं, पाह्यलेलं, मार खाल्लेलं लिहा. कबड्डीवाल्यायनंही यावं, कारण भाच्याच्या मते रग्बी लीग म्हणजे बॉलवाली कबड्डीच.

कारंजा_टू_ब्रिस्बेन:
मी तो भाचा नाही हां, आधीच सांगतो, पण मीही त्याच शहरात सात वर्षं काढली. पहिल्या वर्षी ऑफिसात एका बुधवारी अर्धे लोक मरून रंगाचे कपडे घालून आले, मले वाटलं कोणाचं लग्न असन. रग्बी लीगची स्टेट ऑफ ओरिजिन होती. क्वीन्सलंड, म्हणजे ब्रिस्बेनचं राज्य, मरून रंगवालं, विरुद्ध न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनीचं राज्य, वर्षाच्या तीन मॅचा, अन त्या तीन मॅचांसाठी शेजारी शेजाऱ्याशी बोलणं बंद करते.

मले ज्यानं पकडलं ते टॅकल-बिकल नाही, त्यामागची गोष्ट. १९८० च्या आधी काय व्हायचं, सिडनीच्या क्लबांकडे पैसा, म्हणून क्वीन्सलंडचे चांगले पोट्टे तिकडे जायचे, अन नियम असा की ज्या राज्यातल्या क्लबात खेळतो त्या राज्याकडून उतराचं. म्हणजे आपलेच पोट्टे तिकडची जर्सी घालून आपल्यालेच पाडाचे, अन जवळपास दर वर्षी हार. मग १९८० मध्ये एक मॅच नव्या नियमानं ठेवली, जिथं तू मोठ्यांचा खेळ सुरू केला ते तुझं राज्य. आर्थर बीटसन तेव्हा ३५ वर्षांचा, क्वीन्सलंडमध्ये सुरुवात करून पुढं न्यू साउथ वेल्सकडून खेळलेला माणूस, तो पहिल्यांदा क्वीन्सलंडचा कॅप्टन म्हणून ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर उतरला, अन क्वीन्सलंड २०-१० नं जिंकलं. हे मले एका म्हाताऱ्या प्लंबरनं सांगितलं, सांगता सांगता त्याचे डोळे भरले. मी विदर्भाचा माणूस. पुण्या-मुंबईले गेलेली आपली पोट्टी, इकडचा कापूस तिकडच्या गिरण्या, हे ऐकतच वाढलो. मले कोणी वेगळं समजावून सांगाची गरजच पडली नाही, मी त्याच दिवशी मरून टीशर्ट घेतला.

पण क्रिकेटले म्हाताऱ्यायचा खेळ म्हणणाऱ्या भाच्याले एक सांगा. २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूजच्या मानेवर बाउन्सर बसला अन दोन दिवसांनी गेला तो पोट्टा, २६ वर्षांचाही नव्हता. लोकांनी घराबाहेर बॅटी उभ्या करून ठेवल्या होत्या. मीही ठेवली. कोणता खेळ मऊ अन कोणता टणक, असं तिथं कोणी बोललं नाही.

डावा_कोपरा:
वरच्या भाऊनं रडवलं, आता माझं ऐका. मी नेर तालुक्यातला, बारा वर्षं कबड्डी खेळलो, डाव्या कोपऱ्यावर, घोटा धरणं हे माझं काम. रग्बी लीगची क्लिप पाह्यली अन पाह्यल्याबरोबर समजलं, ते कमरेखाली खांदा घालतेत ना, मान बाजूले काढून, ते आम्ही मातीवर शिकलो, कोणी शिकवलं नाई. मान चुकीच्या बाजूले राह्यली की रात्रभर उशी नाई घेता येत. फरक इतकाच की आपला चढाईवाला तीस सेकंदात मेला नाहीतर वाचला, त्यायचा ऐंशी मिनिटं पडत उठत राह्यते.

पण मुद्दा येगळा हाये. हनुमान जयंतीची स्पर्धा, सेमीफायनल, समोरचा चढाईवाला ऐंशी किलोचा असन, मी घोटा धरला, तो माझ्या गुडघ्यावर पडला अन आतमधी कट्ट झालं, लाकडाची काडी मोडल्यावानी. खेळ थांबला, माह्या अंगावर बादलीभर पाणी टाकलं, हळद लावली अन दोन पोट्टे मले उचलून बाजीवर ठेवून गेले, तिथूनच फायनल पाह्यली. जिंकलो. आयोजकायनं शील्ड देल्ली, रोख बक्षीस उद्या देतो म्हणे, तो उद्या अजून उगवाचा हाये. मी रोजमजुरीवाला माणूस, बावीस दिवस घरी. गावातले क्रिकेटवाले मात्र संध्याकाळी खेळून सकाळी कामावर, कोणाची रोजी बुडाली नाई. म्हणून मी आता लेकाले सांगतो, क्रिकेट खेळ. खेळ म्हणून कबड्डीच मोठी, पण घर कोण चालवन?

रिटायर_गुर्जी:
डावा कोपरा, तुमच्या रोजीवरूनच रग्बी लीगचा जन्म झाला आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी खेळणारे म्हणजे खाणीतले अन गिरणीतले कामगार. शनिवारी मॅच, म्हणजे कामाचा खाडा, पगार कापला. तिथले क्लब म्हणाले, आम्ही बुडालेली मजुरी भरून देतो. दक्षिणेचे शिकलेले, पैशेवाले साहेब म्हणाले, अजिबात नाही, खेळ हा पैशासाठी खेळायचा नसतो. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्याला हे बोलायला काय जातं! शेवटी १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले अन वेगळे झाले. तेच पुढे रग्बी लीग. तेरा खेळाडू, पाडल्यावर उठून बॉल सरकवणं, हे सगळं नंतर आलं, खेळ वेगवान दिसावा, लोकांनी तिकीट काढून यावं म्हणून. भांडणाचं मूळ मात्र खाडाच. अन जे साहेब तेव्हा नाही म्हणाले त्यांच्या रग्बी युनियननं १९९५ मध्ये पैसे देणं मान्य केलं. मोजून शंभर वर्षं लागली.

क्रिकेटवाल्यांनी हसू नये. इंग्लंडात १९६२ पर्यंत जंटलमन वेगळे अन प्लेयर वेगळे, म्हणजे बिनपैशाचे साहेब अन पैसे घेणारे खेळाडू, दोघांची आपसात मॅच व्हायची. टीम एक असली तरी कित्येक मैदानांवर मैदानात यायचा दरवाजासुद्धा वेगळा. आपल्या गावात पाणवठे वेगळे होते ते आठवून पाहा. (मी शाळेत इतिहास शिकवायचो, अन पीटीचा तासही माझ्याच गळ्यात, म्हणून दोन्ही माहीत. असो.)

सोयाबीन११:
गुर्जी नमस्कार, पण रोजी-खाडा म्हणसान तर क्रिकेटकडूनही ऐका. उमेश यादव आपल्या खापरखेड्याकडचा, वडील कोळसा खाणीत कामाले. टेनिस बॉलनं फेकणारा पोट्टा टेस्टमधी गेला. आमच्या पिढीले हे एकच उदाहरण पुरलं, गावात दर तिसरा पोट्टा बूट फाटेपर्यंत फास्ट टाकून राह्यला होता. आमचं पिच म्हणजे सोंगलेल्या सोयाबीनचं वावर, काळी माती, डिसेंबरमधी अशी फाटते की भेगीत बॉल गेला तर काडीनं काढाचा. टप्पा भेगीच्या कडेले पडला की बॉल कुठंही जाते, त्याच्यावर बॅटिंग केलेला माणूस कुठंही टिकते.

अन २०१८ चा १ जानेवारी. आम्ही तूर काढून राह्यलो होतो, थ्रेशर चालू, तिकडं इंदूरले रणजीची फायनल, विदर्भ पहिल्यांदाच, समोर दिल्ली. तीन दिवस मोबाईल थ्रेशरवाल्याच्या खिशात, त्याले म्हटलं आवाज नाई येत, स्कोर तेवढा सांगत राह्य. त्याच मॅचमधी रजनीश गुर्बानीनं हॅट्रिक घेतली होती, तिघंही बोल्ड, तिसरा ध्रुव शोरे, शतक ठोकून उभा होता तो. जिंकल्याचं समजलं तवा थ्रेशर बंद केला, तोंडावर तुरीचा भुसा, नाकात भुसा, अन सगळे नाचून राह्यलो. मालक म्हणे डिझेल जळून राह्यलं ना बे! मजा पाहा, तोच शोरे पुढं विदर्भाकडून खेळाले आला, २०२४-२५ ची रणजी जिंकली त्या टीममधी होता. आता क्वीन्सलंडवाल्या भाऊनं सांगावं, आमच्याकडं उलटी गंगा वाह्यली का नाई!

धुऱ्यावरचा:
रग्बी, क्रिकेट सगळं सोडा. शंकरपट, बैलजोडीची शर्यत. जोडी सुटली की काळीज तोंडात येते. २०१४ मधी कोर्टानं बंद केला, सात वर्षं वाट पाह्यली, २०२१ मधी सुटला. ह्यात ना पास मागं द्या लागत ना अंपायरचं बोट पाह्या लागत. बस इतकंच.

पऱ्हाटी:
धुऱ्यावरचे भाऊ, बैलायले कोणी विचारलं का?

अकोटची_लेक:
सगळे भाऊच लिहून राहिले म्हणून मी लिहिते. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे पूर्ण क्रिकेटचं. मुलं मधे, मुली कडेला लिंबाखाली, अन बॉल आमच्याकडे आला की "ओ ताई, बॉल द्या" एवढाच आमचा खेळ. कबड्डी आली ती यासाठी आली की तिला जागा कमी लागते, चुन्याच्या चार रेघा आखल्या की झालं. मॅडमनं घरोघरी जाऊन आयांची समजूत काढली, हाफ पँटीवरून तर महिनाभर चाललं, शेवटी ट्रॅकपँटवर तडजोड.

मला आठवतं पहिली पकड. समोरची मुलगी मामाच्या गावची, ओळखीची, मी तिची कंबर धरली अन दोघी पडलो, माझ्या हातात तिची वेणी आली, सोडली तर ती जाईल अन धरली तर फाउल. मी वेणी सोडली अन पाय धरला. त्याआधी मी कोणाला इतक्या जोरात धरलंच नव्हतं, घरात तर मुलीनं मोठ्यानं हसायचंही नाही. जे लोक म्हणतात की अंगावर जायचा खेळ रानटी असतो, त्यांनी हे एकदा करून पाहावं. पुढे जिल्ह्यापर्यंत गेले, राज्यापर्यंत जाऊन नंबर आणला असता तर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात बसले असते, नाही गेले. माझ्या भावानं टेनिस बॉलच्या चाळीस ट्रॉफ्या आणल्या, त्यांचा कागद कोणी मागत नाही, आई त्यात कडधान्य ठेवते.

रग्बी लीग मी पाहिलेली नाही. बायका खेळतात का त्यात?

कारंजा_टू_ब्रिस्बेन:
खेळतात ताई, जोरात. बायकांची वेगळी लीग आहे २०१८ पासून, ओरिजिनही आहे. वेणी धरली तर तिथंही फाउलच.

पऱ्हाटी:
आता शेवटचं माझंच लिहितो, कारण ते वादानंतर घडलं. भाच्यानं बॅगेत एक बॉल आणला होता, अंड्यासारखा लांबट. जायच्या दोन दिवस आधी अवकाळी आला, रात्रभर. माह्यं सोयाबीन ताडपत्रीखाली, मी चिंतेत, अन हा पोट्टा सकाळी म्हणते मामा, आज वावर बरोबर झालं. बाईस पोट्टे गोळा केले, अकरा-अकरा, तेरा जमले नाई. काळी माती ओली म्हणजे तुम्हाले माहीत हाये, दहा पावलांत पायाले दोन-दोन किलोचे बूट तयार. पहिला अर्धा घंटा सगळे बॉल पुढंच फेकून राह्यले, भाचा ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, मागं बे, मागं! मग गावातला सगळ्यात उंच पोट्टा, सव्वासहा फूट, बॉल घेऊन सुटला अन सगळ्यात ठेंगण्यानं त्याचा घोटा धरला, दोघंही घसरत घसरत धुऱ्यापर्यंत गेले. उठले तं कोण कोणत्या टीमचा, सांगता येईना, नुसते डोळे अन दात.

भाचा म्हणे थांबा, उभे राहा, एकामेकाच्या खांद्यावर हात टाका, अन त्यानं फोटो काढला. मग त्यानं मोबाईलवर दुसरा फोटो दाखवला, १९६३ च्या फायनलचा, सिडनीच्या क्रिकेट ग्राउंडवरच खेळली होती ती, नॉर्म प्रोव्हन उंच, आर्थर समन्स ठेंगणा, दोन्ही टीमचे कॅप्टन, असेच चिखलात माखलेले. तिथल्या लीगच्या ट्रॉफीवर त्याच फोटोचा पुतळा हाये म्हणे. टपरीवाल्यानं दोन्ही फोटो पाह्यले, बराच वेळ पाह्यले, अन म्हणे त्यायचा चिखल पातळ हाये, आपला घट्ट.

सगळे बोअरवर धुतले, माह्या बहिणीनं भाच्याले अंगणातच उभं ठेवलं, घरात घेतलं नाई. तो गेला परत. बॉल इथंच ठेवून गेला, खेळत राहा म्हणे.

काल पाह्यलं तर पोट्टे त्याच बॉलनं क्रिकेट खेळून राह्यले होते. टप्पा पडल्यावर कुठं जाईन सांगता येत नाई, टाकणाऱ्यालेही नाई. सव्वासहा फुट्या पहिल्याच बॉलले बोल्ड झाला अन म्हणते, नो बॉल.